दोघींचा एक चषक

विम्बल्डनचा शेवटचा दिवस म्हणजे पुरुषांच्या अंतिम सामन्याचा दिवस. साऱ्या जगाचे डोळे सेंटर कोर्टवर! २००३ सालीही तेच झालं. केसांची शेंडी बांधलेल्या रॉजर फेडरर नावाच्या २१ वर्षांच्या स्विस पोरानं तो चषक पहिल्यांदा उचलला. आपल्याकडे कौतुक होतं ते लिअँडर पेसचं. त्यानं ४६ वर्षांच्या मार्टिना नवरातिलोवाच्या जोडीनं मिश्र दुहेरी जिंकली होती.

या धामधुमीत त्याच विम्बल्डनच्या हिरवळीवर आणखी एक अंतिम सामना झाला. ज्युनियर मुलींच्या दुहेरीचा. जाळीच्या एका बाजूला हैदराबादची १६ वर्षांची सानिया मिर्झा आणि मॉस्कोची अलिसा क्लेबानोवा. अलिसाला चौदावं वर्ष लागलेलं, पण अजून पुरं झालेलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला चेक प्रजासत्ताकाची कातेरिना बोमोवा आणि हॉलंडची मिशेला क्रायचेक. ही मिशेला म्हणजे १९९६ सालचा विम्बल्डन विजेता रिचर्ड क्रायचेक याची सावत्र बहीण.

पहिला सेट सानिया-अलिसानं २-६ असा गमावला. पुढचे दोन मात्र ६-३, ६-२ असे जिंकले आणि चषक त्यांचा झाला. भारतीय मुलीनं ज्युनियर का होईना, पण ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळवण्याची ही पहिलीच वेळ. हैदराबादेत हारतुरे झाले, फोटो छापून आले. ‘आता ही पोरगी जग जिंकणार’ असं जो तो म्हणू लागला.

खरं तर ज्युनियर विजेतेपद ही मोठी फसवी चीज आहे! वयाची अट अठराची. बक्षिसाची रक्कम नाही. मोठ्यांच्या क्रमवारीत त्याचा एक गुण मिळत नाही. म्हणजे पंधरा दिवस विम्बल्डनच्या गवतावर मिरवून आलेली मुलगी पुढच्याच महिन्यात कुठल्याशा लहान गावातल्या स्पर्धेत, रिकाम्या खुर्च्यांसमोर, पहिल्या पायरीपासून सुरुवात करते. त्यातून चषक दुहेरीतला असला तर लोक आणखी एक शंका काढतात. दोघींनी मिळून जिंकलं, पण त्यातलं हिचं किती आणि तिचं किती?

त्या प्रश्नाचं उत्तर मिळायला एक तप जावं लागलं.

शेणानं सारवलेलं कोर्ट

सानियाचा जन्म मुंबईचा, १५ नोव्हेंबर १९८६ चा. वाढली मात्र हैदराबादला. वडील इम्रान मिर्झा क्रीडा पत्रकार. घरात क्रिकेटचं वारं. भारताचे माजी कसोटी कर्णधार गुलाम अहमद हे नात्यातलेच. अशा घरातल्या सहा वर्षांच्या मुलीच्या हाती आईनं, नसीमाबाईंनी, रॅकेट दिलं. पहिल्या प्रशिक्षकानं म्हणे ‘फारच लहान आहे’ म्हणून तिला घ्यायला नकार दिला. नसीमाबाई हटल्या नाहीत. महिनाभरानं त्याच प्रशिक्षकानं आईवडिलांना बोलावून घेतलं. मुलीची तक्रार असेल असं वाटून दोघं गेले, तर तो म्हणाला, ‘या वयात इतकं चांगलं खेळणारं पोर मी पाहिलं नाही!’

त्या काळी हैदराबादेत सिमेंटची चकचकीत कोर्टं कुठली असायला? सानियानं पुढे अनेकदा सांगितलंय की, शेणानं सारवलेल्या कोर्टवर आपण टेनिस शिकलो. स्पर्धांना जायचं तर अख्खं कुटुंब गाडीत बसायचं आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात शेकडो किलोमीटर जायचं. खर्चाची ओढाताण होतीच. त्याहून जास्त त्रास नातेवाईकांच्या बोलण्याचा. ‘पोरगी उन्हात काळी पडेल. मग तिच्याशी लग्न कोण करणार?’ हे वाक्य लहानग्या सानियाच्या कानावर कितीदा तरी आलं. आपल्याकडच्या कुठल्या घरात ते ऐकू येत नाही?

इम्रान आणि नसीमा यांनी त्यावर वाद घातला नाही. मुलीला सकाळी लवकर उठवून कोर्टवर नेणं त्यांनी सुरूच ठेवलं. पुढे कितीतरी वर्षं इम्रान मिर्झा हेच तिचे प्रशिक्षक होते.

सत्ताविसावी पायरी

विम्बल्डनच्या चषकानंतरची पहिली काही वर्षं तर परीकथेसारखी गेली. २००४ मध्ये हैदराबादच्याच स्पर्धेत लिझेल ह्युबरच्या जोडीनं मोठ्या गटातलं पहिलं दुहेरीचं विजेतेपद मिळालं. जानेवारी २००५ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिसऱ्या फेरीत तिची गाठ पडली सेरेना विल्यम्सशी. सानिया १-६, ४-६ अशी हरली. पण हरली तरी देशभर घराघरांत तिचं नाव पोहोचलं. पुढच्याच महिन्यात हैदराबादला घरच्या प्रेक्षकांसमोर तिनं एकेरीचं विजेतेपद मिळवलं. महिलांच्या व्यावसायिक स्पर्धेत एकेरी जिंकणारी ती पहिली भारतीय. त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीपर्यंत मजल. वर्षाअखेरी महिला टेनिस संघटनेनं तिला ‘सर्वोत्तम नवोदित खेळाडू’ ठरवलं.

नाकात नथनी, टी-शर्टवर बेधडक वाक्यं आणि फोरहँडचा सणसणीत फटका! जाहिरातवाले मागे लागले. काहींनी तिच्या कपड्यांवर बोट ठेवलं. रोज नवा वाद, रोज नवं कौतुक. ऑगस्ट २००७ मध्ये ती एकेरीच्या क्रमवारीत २७ व्या स्थानावर पोहोचली. भारतातल्या कुठल्याही मुलीनं तोवर हे स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

आणि तिथेच शरीरानं दगा दिला. ज्या मनगटातून तो फोरहँड निघायचा, तेच उजवं मनगट गेलं. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमधला एकेरीचा सामना तिला अर्ध्यावर सोडावा लागला. शस्त्रक्रिया झाली. त्या दिवसांत आपल्याला स्वतःचे केससुद्धा विंचरता येत नव्हते, असं तिनं नंतर सांगितलं. मनगटाच्या जोडीला गुडघेही कुरकुरत होते. त्यांच्याही शस्त्रक्रिया झाल्या. सत्ताविसाव्या पायरीच्या वर ती एकेरीत पुन्हा कधीच चढली नाही.

इथे अनेकांच्या कहाण्या संपतात. ‘मोठी आशा होती हो तिच्याकडून...’ असं म्हणून लोक पान उलटतात.

मागे वळणं की पुढे जाणं?

सानियानं काय केलं? ज्या खेळानं तिला पहिला चषक दिला होता, त्या दुहेरीकडे ती वळली. २००९ मध्ये महेश भूपतीबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. २०१२ मध्ये त्याच्याच साथीनं फ्रेंच ओपन जिंकली. एकेरी थांबवायची आणि फक्त दुहेरी खेळायची, हा निर्णय मग पक्का झाला.

हा निर्णय ऐकायला सोपा वाटतो, पण तो सोपा नव्हता. टेनिसमध्ये मान, पैसा, प्रसिद्धी सगळं एकेरीला. दुहेरीचं बक्षीस त्या मानानं थोडं आणि सामने बाजूच्या कोर्टवर. ‘एकेरीत जमेना म्हणून दुहेरी’ असं बोलायला लोक मोकळे. पंचविशी ओलांडलेल्या, नाव कमावलेल्या खेळाडूनं हे पत्करायचं, तर आधी आपला अहंकार बाजूला ठेवावा लागतो.

शिवाय दुहेरी म्हणजे काही अर्धी एकेरी नव्हे! एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद, दुहेरीचं ३६ फूट. समोर एकीऐवजी दोघी, त्यातली एक जाळीपाशी टपून बसलेली. सर्व्हिस परतवताना चेंडू जरा उंच गेला की तिनं झडप घातलीच म्हणून समजा. म्हणून फटका जोरकस हवा, खाली राहायला हवा आणि जाळीवरच्या बाईपासून लांब जायला हवा. धावपळ एकेरीपेक्षा कमी, पण विचाराला वेळ त्याहून कमी. सानियाचे गुडघे लांबच्या धावपळीला कुरकुरत होते, पण तिचा परतीचा फोरहँड अजून तोफेसारखा होता. एकेरीत जे उणं ठरत होतं ते दुहेरीत झाकलं जात होतं आणि जे बळ होतं ते दुप्पट दिसत होतं. तिनं आपल्या शरीराचा हा हिशेब नीट मांडला.

दुहेरीत आणखी एक गोष्ट लागते. चूक जोडीदारणीची झाली तरी तोंड वाकडं करायचं नाही. पुढच्या चेंडूआधी तिच्या हातावर टाळी द्यायची.

झिंबाब्वेच्या कारा ब्लॅकबरोबर सानियानं २०१४ ची वर्षाअखेरची मानाची स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी ब्राझीलच्या ब्रुनो सोआरेसबरोबर अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरीही पटकावली. मार्च २०१५ मध्ये जोडीला आली मार्टिना हिंगिस. ही बाई एकेकाळी एकेरीत जगात पहिली होती. दोनदा निवृत्त होऊन पुन्हा परतलेली. सानियाचा फोरहँड आणि हिंगिसचं जाळीवरचं डोकं असं काही जुळलं, की पहिल्या तिन्ही स्पर्धा दोघींनी ओळीनं जिंकल्या. १३ एप्रिल २०१५ रोजी सानिया महिला दुहेरीच्या क्रमवारीत जगात पहिली झाली. तिच्या आधी कुठलीच भारतीय स्त्री तिथे पोहोचली नव्हती.

आणि मग आलं विम्बल्डन. तेच गवत, पण आता सेंटर कोर्ट. समोर रशियाच्या एकातेरिना माकारोवा आणि एलेना वेस्निना. पहिला सेट सानिया-हिंगिस ५-७ असा हरल्या. दुसरा टायब्रेकवर घेतला. तिसऱ्यात २-५ अशा मागे पडल्या. तिथून पाच-पाच अशी बरोबरी झाली, तोवर अंधारून आलं. खेळ थांबवून छत सरकवण्यात आलं, दिवे लागले. परतल्यावर दोघींनी पुढचे दोन्ही गेम घेतले. ५-७, ७-६, ७-५! ज्युनियर चषकानंतर बरोबर बारा वर्षांनी विम्बल्डनच्या महिला दुहेरीच्या यादीत सानियाचं नाव लागलं. पाठोपाठ त्याच वर्षीची अमेरिकन ओपन आणि २०१६ ची ऑस्ट्रेलियन ओपनही या जोडीनं जिंकली. मध्यंतरी सलग ४१ सामने ही जोडी हरलीच नाही. तिन्ही मिश्र दुहेरीची धरून सानियाची ग्रँड स्लॅम विजेतेपदं सहा झाली.

आणि ती दुसरी मुलगी?

२००३ च्या त्या चषकावर दुसरं नाव होतं अलिसाचं. ती तेव्हा इतकी लहान होती, की चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत मोठ्यांच्या व्यावसायिक स्पर्धांत खेळायला महिला टेनिसच्या नियमानं तिला बंदीच होती. तीन वर्षांनी, २००६ मध्ये, तिनं अनास्तासिया पाव्ल्युचेन्कोवाच्या जोडीनं विम्बल्डनची ज्युनियर दुहेरी पुन्हा जिंकली. पण तिची खरी ओढ एकेरीची. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनला तिनं आना इव्हानोविचसारखीला हरवलं. २०१० मध्ये क्वालालंपूर आणि सोल इथल्या स्पर्धा जिंकल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये ती एकेरीत जगात विसावी होती. म्हणजे सानियाच्या सर्वोच्च स्थानापेक्षाही सात पायऱ्या वर!

त्याच वर्षी तिची तब्येत बिघडत गेली. स्पर्धांतून माघार घ्यावी लागली. १५ जुलै २०११ रोजी, बाविसाव्या वाढदिवशी, अलिसानं जगाला सांगितलं, की आपल्याला हॉजकिन्स लिंफोमा झालाय. म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. इटलीतल्या पेरुजिया इथे उपचार सुरू झाले. ज्या वयात खेळाडूचं शरीर सर्वांत धारदार असतं, त्या वयात ते केमोथेरपीच्या स्वाधीन करावं लागलं.

मार्च २०१२ मध्ये ती मायामीच्या स्पर्धेत कोर्टवर उतरली आणि पहिली फेरी जिंकली. पण शरीर अजून साथ देत नव्हतं. मुकाट्यानं पुन्हा थांबली. २०१३ मध्ये परतली, ती लहान लहान स्पर्धांतून, पहिल्या पायरीपासून. एकदा विसाव्या स्थानावर बसून आलेल्या खेळाडूला ही पायरी किती खोल वाटत असेल! त्या वर्षी अमेरिकन ओपनमध्ये तिनं पहिल्या फेरीचा सामना जिंकला. वर्षाअखेरी महिला टेनिस संघटनेनं ‘सर्वोत्तम पुनरागमन’ करणारी खेळाडू म्हणून तिला गौरवलं. पहिल्या वीसात ती पुन्हा पोहोचली नाही. पण जगण्याचाच सामना जिंकून आलेल्या मुलीला क्रमवारीत कितीवी, हे विचारायचं कशाला?

अंतिम सामन्यात हरलेल्या मिशेला क्रायचेकचंही पाहा. चषक तिला मिळाला नव्हता. तरी चारच वर्षांनी, २००७ मध्ये, ती मोठ्यांच्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या उपांत्यपूर्व फेरीत खेळली. सानियाला एकेरीत कुठल्याही ग्रँड स्लॅममध्ये तिथवर जाता आलं नाही. जिंकलेलीनं काय करावं आणि हरलेलीनं कुठे थांबावं, हे त्या रविवारी ठरलंच नव्हतं.

हीच गोष्ट मुलांच्या बाबतीतही घडली. २०१५ मध्ये, सानिया विम्बल्डन जिंकली त्याच वर्षी, हरियाणाच्या सुमित नागलनं व्हिएतनामच्या जोडीदाराबरोबर तिथलीच ज्युनियर मुलांची दुहेरी जिंकली. तो मात्र पुढे एकेरीकडे गेला. जुलै २०२४ मध्ये त्यानं एकेरीत ६८ वं स्थान गाठलं. चषक तोच, रस्ता अगदी उलटा.

शेवटचा निरोप

ऑक्टोबर २०१८ मध्ये सानियाला मुलगा झाला. ‘आता झालं, संपलं’ असं पुन्हा एकदा सगळे म्हणाले. तिनं २६ किलो वजन उतरवलं आणि जानेवारी २०२० मध्ये होबार्टला परतली. युक्रेनच्या नादिया किचेनोकबरोबर पहिलीच स्पर्धा जिंकली! मूल झाल्यावर बाईनं स्वतःसाठी काही मागू नये, असं मानणाऱ्यांना एवढं उत्तर पुरेसं होतं.

जानेवारी २०२३. मेलबर्नचं रॉड लेव्हर कोर्ट. छत्तीस वर्षांची सानिया रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचा अंतिम सामना खेळली. हा तिचा शेवटचा ग्रँड स्लॅम सामना. त्यात ती हरली. समोर चार वर्षांचा मुलगा बसलेला. माइक हातात आल्यावर मात्र तिचा आवाज भरून आला. अठरा वर्षांची असताना याच शहरात सेरेनाशी खेळून आपला प्रवास सुरू झाला, हे तिनं आठवून सांगितलं. पुढच्याच महिन्यात दुबईत तिनं रॅकेट खाली ठेवलं. तोवर महिला दुहेरीची ४३ विजेतेपदं तिच्या नावावर होती आणि एकूण ९१ आठवडे ती जगात पहिली होती.

आज शहराशहरांतल्या कोर्टांच्या कडेला, हातात पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन कितीतरी आया-बाप बसलेले दिसतात. पोरानं जिल्ह्याचा चषक आणला की ते राज्याचं स्वप्न पाहतात, राज्याचा आणला की देशाचं. स्वप्न पाहण्यात चूक काहीच नाही. फक्त चषक घरी आला म्हणून पोराचा रस्ता ठरला असं धरून चालू नये. कधी मनगट जाईल, कधी आजार येईल, कधी मन दुसरीकडे वळेल. त्या दिवशी पोराला ‘एवढा खर्च केला, त्याचं काय?’ असं ऐकवायचं, की पुढचा रस्ता त्याच्याबरोबर शोधायला बसायचं, हे आईबापांच्या हाती असतं. इम्रान आणि नसीमा यांनी मुलीच्या प्रत्येक वळणावर दुसरी गोष्ट केली.

विम्बल्डनच्या ज्युनियर विजेत्यांच्या यादीत २००३ सालापुढे आजही दोन नावं एका ओळीत आहेत. एक जगात पहिली झाली, दुसरी कर्करोगातून उठून पुन्हा कोर्टवर आली. त्यातलं हिचं किती आणि तिचं किती, हा हिशेब आता कुणी करत नाही.